यंत्राला गाल नसतो

३ फेब्रुवारी १८२५, गुरुवार

आज मी बिशप होतो. खरा नव्हे, खऱ्या बिशपला उसनं घोडं आणि पुठ्ठ्याची टोपी लागत नसावी. आमच्या हॉलिनडेन गावात सात वर्षांतून एकदा संत ब्लेझची मिरवणूक निघते आणि लोकर विंचरणाऱ्यांपैकी एकाला बिशप करून पुढे बसवतात. उंची आणि आवाज पाहून निवड होते. देवाने मला तेवढंच दिलं आहे, पण दिलं आहे.

लोखंडी फण्यांनी अंग ओरबाडून संत ब्लेझला मारलं, म्हणून तो आमचा. ज्या हत्याराने तो मेला तेच आम्ही रोज चालवतो आणि वर त्याच्याच नावाने बिअर पितो. तो बिचारा वर बसून काय म्हणत असेल कुणास ठाऊक.

माझ्या बायकोने, हेप्झीने, माझ्यासाठी विंचरलेल्या लोकरीच्या पांढऱ्याशुभ्र पेळूंचा केसांसारखा टोप केला होता, खांद्यापर्यंत लोळणारा. पुढे वाजंत्री, मग मी, मागे सगळे विंचरणारे, त्यामागे घोड्यांवर मालक लोक. क्रॅब्ट्रींच्या गिरणीपुढे मिरवणूक थांबली. क्रॅब्ट्री मालकांनी हॅट काढली, माझ्यापुढे, रूबेन हार्टलीपुढे, आणि माझ्या हातातल्या वाकड्या टोकाच्या काठीवर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "ही काठी गावात आहे तोवर विंचरणाऱ्याच्या चुलीवरचं भांडं रिकामं राहणार नाही." बायका रडल्या. मीही थोडा रडलो. टोपाची लोकर डोळ्यात गेली म्हणून वेळ मारून नेली.

संध्याकाळी खाणावळीच्या माडीवर दार लावून रिवाजाप्रमाणे शपथ झाली. काठीवर हात ठेवून प्रत्येकाने म्हणायचं की हातातली विद्या भट्टीबाहेर जाणार नाही. शपथ बिशपने द्यायची आणि पुढची सात वर्षं काठी त्याच्याच घरी ठेवायची. गावात तंटा झाला तर त्याचा शब्द मानतात.

घरी येताना सेथ, हेप्झीचा भाऊ, म्हणाला, "आज त्यानं तुझ्यापुढे हॅट काढली. उद्या त्याच्या गिरणीत लोकर आणायला जाशील तेव्हा बघू कोण कुणापुढे काढतो." सेथच्या जिभेला हाड नाही. दुसऱ्याचं कौतुक झालेलं त्याला बघवत नाही.

५ फेब्रुवारी

क्रॅब्ट्रींचा कारकून तराजू घेऊन घरोघर फिरला. टोपांची लोकर वजन करून दिली होती, ती वजन करून परत नेली. माझा टोप हलका भरला. मिरवणुकीत वारा होता, पोरांनी बटाही ओढल्या. तेवढं मजुरीतून कापणार म्हणे.

हेप्झी म्हणाली, "संताचे केस, तेही उधारीचे." मी म्हटलं, कारकून हलकट आहे, मालकांच्या कानावरही हे गेलं नसेल.

२१ मे

पीठ पुन्हा महागलं. मजुरी आहे तिथेच आहे.

आमच्या माडीवर मधोमध कोळशाची भट्टी आणि तिच्याभोवती आम्ही तिघे: मी, सेथ आणि म्हातारा जॉन्टी. चौथा कोपरा रिकामा आहे. तो माझ्या जोसेफसाठी होता, पण जोसेफ दुसऱ्या वर्षीच गेला. खिडक्या बारा महिने बंद, कारण गार वाऱ्याने लोकर कडक होते. फणी भट्टीत तापवायची आणि लोकरीला लावण्याआधी डाव्या गालाजवळ धरायची. किती तापली ते गाल सांगतो. जास्त तापली तर लोकर करपते, कमी तापली तर तंतू तुटतात. घाईत कधीतरी फणी टेकतेच. म्हणून आमच्यातल्या प्रत्येकाच्या डाव्या गालावर तपकिरी डाग असतो. परगावच्या खाणावळीत शिरलं तरी तो डाग बघून बाकावरची माणसं सरकून जागा देतात.

जॉन्टी आज खोकता खोकता काळं थुंकला. सेथ म्हणाला, "या मजुरीत याला दूधही मिळायचं नाही. मिरवणुकीत शब्द दिला होता ना मालकानं? जा की मागायला, बिशप."

गेलो. मालकांनी खुर्ची दिली. म्हणाले, "रूबेन, मजुरी मी ठरवत नाही, बाजार ठरवतो. तू आणि मी दोघंही त्याचे नोकर." मला ते पटण्यासारखं वाटलं. घरी येऊन सेथला सांगितलं.

"मग त्या बाजाराला सांग," तो म्हणाला, "की माझ्या घरी जेवायची वेळ झालीये."

१४ जून, मंगळवार

संप सुरू झाला. गावातल्या एकाही माडीवर भट्टी पेटली नाही. मी मनापासून त्यात नव्हतो, पण बिशपने घरात बसून कसं चालेल? सभेत मीच काठी धरून उभा होतो. सेथ बोलला. चांगला बोलला, हे मान्य करायला हवं.

२ जुलै

विचित्र गोष्ट: माझा खोकला कमी झाला. जॉन्टी तर टेकडीवर चढून गेला, मध्ये न थांबता. म्हणाला, "संपानं मरेन असं वाटलं होतं रे. मी तर कामानं मरत होतो."

खिडकी उघडी ठेवून झोपतो आहोत. ओटची भाकरी अजून पुरते आहे. लीड्सच्या कामगारांकडून मदत आली.

१८ जुलै, सोमवार

मालकांनी डाव टाकला. संपावरच्या माणसांच्या पोरीबाळी सूतगिरणीत कामाला आहेत, त्यांना घरी पाठवलं. बापाने विंचरणाऱ्यांचा संघ सोडल्याच्या कागदावर सही केली तरच पोरगी परत कामावर. गल्ली दुपारीच मुलींनी भरून गेली. सेथच्या दोघी आल्या, मोठी रडत होती.

माझी मार्था मात्र आली नाही. संध्याकाळी नेहमीच्या वेळी आली. तिला काढलेलं नाही. सूत कातायच्या यंत्रावरून हलवून मागच्या नव्या पत्र्याच्या छपरात लोकर निवडायला ठेवली आहे म्हणे. मी विचारलं, "तुलाच का ठेवलं?" ती खाली बघून म्हणाली, "माहीत नाही, बाबा."

मला माहीत आहे. क्रॅब्ट्रींनी काठीवर हात ठेवला होता. कितीही झालं तरी खानदानी माणूस. ज्याच्यापुढे हॅट काढली त्याच्या पोरीला तो रस्त्यावर कसा काढेल? हेप्झीला हे सांगितलं तर ती उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

१ ऑगस्ट

आज मन भरून आलं आहे. मार्था माझ्याजवळ माडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला फणी धरायला शिकवा."

सतरा वर्षांची पोर. आजवर तिने या खोलीकडे नाक दाबूनच पाहिलं. मुलीला हे काम कुणी देत नाही, शपथ तर आहेच. पण माझी मुलगी म्हणजे भट्टीबाहेरची कशी? ती याच भट्टीच्या उबेला वाढली. जोसेफ असता तर त्याला शिकवलंच असतं. सांदीकोपऱ्यातला कोळसा गोळा करून भट्टी पेटवली, आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात तिला बसवलं.

पोरीचा हात चांगला आहे. फणी गालाजवळ कशी धरायची ते दाखवलं. "डोक्यानं विचार करू नकोस," म्हटलं, "गाल सांगेल." तिने किती प्रश्न विचारले! फणीला तेल आधी लावायचं की नंतर? दात किती तिरके हवेत? पेळू ओढताना तुटतोय हे हाताला कधी कळतं? मी सगळं सांगितलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं.

११ ऑगस्ट

मार्था रोज संध्याकाळी बसते. आज तिच्या डाव्या गालावर भाजल्याची लाल खूण दिसली. आमच्या भट्टीत तर काल कोळसाच नव्हता. म्हणाली, गिरणीत वाफेची नळी लागली. हेप्झीने त्यावर लोणी चोळलं. लोणी कुठून आलं ते विचारायचं राहून गेलं.

तिने विचारलं, "धुकं असलं की लोकर का तुटते, बाबा?" मी हसलो. धुक्यात गाल खोटं बोलतो. गाल स्वतःच गारठलेला असतो, त्याला फणी असते त्याहून तापलेली वाटते. मग काय करायचं, ते मात्र मी तिला सांगितलं नाही. ते माझ्या वडिलांनी मला सात वर्षांची उमेदवारी संपल्यावर सांगितलं होतं. "तेवढं शेवटी," म्हटलं. ती जरा हिरमुसली. शिकणाऱ्याने घाई करू नये.

१२ सप्टेंबर, सोमवार

टेकडीवर खाणीपाशी मोठी सभा झाली. मालकांनी निरोप पाठवला होता: मागितल्याच्या निम्मी वाढ देतो, कामावर या.

सगळ्यांना वाटलं सेथ नाही म्हणेल. तो म्हणाला, "घ्या." पार उतरलेला चेहरा. "क्रॅब्ट्रीच्या मागच्या छपरात ठोकाठोक चालू आहे. मँचेस्टरहून यंत्र करणारा आलाय. लोकर विंचरायचं यंत्र आहे ते. आज निम्मं मिळतंय, ते घ्या आणि संप मिटवा. हिवाळ्यात तेही मिळायचं नाही."

माणसं चुळबुळली. मग कुणीतरी म्हणालं, "बिशप काय म्हणतो?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढी माणसं माझ्याकडे बघत होती आणि हातात काठी होती. मी दगडावर चढलो. म्हणालो, "यंत्राला हात असतील, दात असतील, शंभर माणसांचं बळ असेल. पण फणी किती तापली हे त्याला कोण सांगणार? यंत्राला गाल नसतो!" आधी हशा पिकला, मग आरोळी उठली. टेकडी दणाणली. "यंत्राला गाल नसतो," पोरंही ओरडत गावात पळाली. निम्मी वाढ नाकारली गेली, बहुमताने. बहुमत कसलं, सेथ सोडून सगळे.

उतरताना सेथ माझ्याजवळ आला. "रूबेन, सगळ्यांच्या पोरी घरी. तुझी अजून कामावर कशी?"

मी म्हटलं, "तुझी जळते."

तो म्हणाला, "हो. पोटात."

घरी येऊन जेवताना सभेतलं सांगितलं. मार्थाच्या हातातला चमचा खाली पडला. "बाबा, निम्मं घ्यायला हवं होतं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. पोरीची जात, उपासमारीला घाबरते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, अगं, तुला तर मी शिकवलंय, तुला तरी कळायला हवं हे यंत्राचं काम नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

सेथची धाकटी पॉली गेली. ताप आला होता. पण तापाशी झगडायला अंगात काही लागतं, तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. दफनाला सगळे होते. सेथ माझ्याशी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आमच्या घरी अजून दोन वेळा चूल पेटते, मार्थाच्या पगारावर. पॉलीसाठी हेप्झी रोज वाटीभर लापशी पाठवत होती, हे मला आज कळलं. ती वाटी पॉलीच्या आईने आज परत आणून दिली. धुऊन.

२४ ऑक्टोबर

आज जे केलं ते लिहायला लाज वाटत नाही. नंतर वाटेल कदाचित.

पेटीतून बिशपचा झगा काढला, टोपी काढली, काठी घेतली आणि क्रॅब्ट्रींच्या गिरणीच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. रिवाज आहे: काठीवर दिलेला शब्द काठी घेऊन मागायचा. हेप्झीने दारात हात आडवा घातला होता. "रूबेन, लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत.

हसले. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "मिरवणूक सात वर्षांनी ना रे? लवकर आलास." पाऊस भुरभुरत होता, पुठ्ठ्याची टोपी एका कानावर वाकली. मग मालक स्वतः बाहेर आले. हॅट काढली नाही, पाऊस होता. पण मला कचेरीत नेलं, शेकोटीजवळ बसवलं, गरम वाइन दिली.

मी शब्दाची आठवण दिली. ते म्हणाले, "मला आठवतोय. तुझ्या चुलीवरचं भांडं रिकामं राहिलंय का, रूबेन?" खोटं कसं बोलू? म्हटलं, नाही, माझ्या नाही. "मग?" ते म्हणाले. मी पेला खाली ठेवला.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "एक सांग, धुक्यात तुम्ही लोक फणी कशी तापवता? ऐकलंय काहीतरी खुबी आहे."

मी ताठ उभा राहिलो. "मालक, शपथ आहे."

"अरे हो. शपथ." ते हसले. "काठी मात्र छान आहे. संप मिटला की माझ्या कचेरीत लावायला दे."

शपथ राखली, हे सेथला जाऊन सांगावंसं वाटलं. त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

७ नोव्हेंबर, सोमवार

संप मोडला. कोणी मोडला नाही, तो आपला आपणच झिजून संपला. सभेला माणसं आली तीही बसायला जागा आहे म्हणून. ठराव झाला की ज्याला जे जमेल ते त्याने करावं.

१० नोव्हेंबर

गिरणीच्या आवारात कागदावर सह्या. मजुरी पूर्वीपेक्षाही कमी, आणि घेतले ते थोडेच. सेथचं नाव पुकारलंच नाही. त्याला या जिल्ह्यात कुणी काम देणार नाही म्हणतात. तो बायकापोरांसह ब्रॅडफर्डला निघाला. निरोप घ्यायला आला नाही. जॉन्टीला कारकून म्हणाला, "आजोबा, तुम्ही घरी बसा." कुठल्या घरी, ते तो बोलला नाही. जॉन्टीचं घर भाड्याचं होतं, ते गेल्या आठवड्यात गेलं. आता तो आमच्या माडीवर झोपतो.

मला मालकांनी जवळ बोलावलं. "तुझ्यासाठी जागा ठेवली आहे. मागच्या छपरात. सोमवारपासून ये." बघा. माणूस शब्द विसरला नव्हता. मी काठीही देऊन टाकली, एवढं बरं वाटलं त्यावेळी.

जॉन्टी म्हणतो, "ते यंत्र चालतं रे, मी भिंतीला कान लावून ऐकलंय. पण दमट हवेत अडकतं, आणि आता धुक्याचे दिवस आलेत. आठवडाभर धुकं पडू दे. तुटक्या लोकरीचा ढीग लागेल आणि क्रॅब्ट्री धावत येईल आपल्याकडे. यंत्राला गाल नाही, तूच म्हणालास." त्याने माझा हात धरला होता. गावात उरलेले सगळे विंचरणारे हेच बोलतात. त्यांच्या अंगात आता एवढीच आशा शिल्लक आहे.

१४ नोव्हेंबर, सोमवार

मुकादमाने मला छपरात नेलं. आत वाफ, तेल आणि करपलेल्या लोकरीचा वास. हाच वास मार्थाच्या झग्याला किती महिने येत होता, आणि मी त्याला गिरणीचा वास म्हणत होतो.

यंत्र खोलीएवढं आहे. मोठं फिरणारं चक्र, त्यावर दातच दात, आतून वाफेने तापवलेले. आमच्यासारखी वीस-तीस माणसं जेवढं विंचरतील तेवढं ते एकटं विंचरत होतं. लांब तंतूंचा पेळू एका बाजूने न तुटता बाहेर येत होता. सुंदर येत होता, खोटं कशाला लिहू.

यंत्रापुढे एक मुलगी पाठमोरी उभी होती. तिने दांडा ओढून चक्र थांबवलं, वाकली आणि तापलेल्या दातांजवळ डावा गाल नेला. नुसता जवळ. मान जराशी तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. ती मान तशी तिरकी करायला मीच सांगितलं होतं, म्हणजे भाजलं तर डोळा वाचतो. क्षणभर थांबून तिने वाफेची कळ थोडी फिरवली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

ती वळायच्या आधीच मला कळलं होतं.

मुकादम म्हणाला, "ही सांगेल तसं करायचं. हिला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

मार्था माझ्याकडे बघत होती. गालावरचा डाग आता तपकिरी झाला आहे. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली, "आखूड लोकर खाली पडते, ती त्या टोपलीत भरायची." मी भरली. दिवसभर भरली.

संध्याकाळी घरी मी खूप बोललो. मला तिला मारावंसं वाटलं, तेही इथे लिहून ठेवतो. मारलं नाही, कारण हेप्झी मध्ये उभी राहिली.

"तुला काय वाटलं," हेप्झी म्हणाली, "मालकानं हिला तुझ्या पुठ्ठ्याच्या टोपीकडे बघून ठेवली? हिला जुलैतच सांगितलं होतं, बापाकडून शिकून ये नाहीतर घरी बस. हिनं मला सांगितलं. मीच म्हटलं, शीक आणि गप्प राहा. तू टेकडीवर भाषणं करत होतास. चूल कुणी पेटवायची? पॉलीची लापशी कुठून गेली?"

"पॉली मेली," मी म्हणालो.

"हो. आणि ही जगली."

जॉन्टी वर माडीवर होता. त्याने ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्याला कमी ऐकू येतं, देवाची कृपा.

मग मार्था भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, दरीत धुकं उतरलंय. गेल्या धुक्यात दोन दिवस सगळा माल तुटला. मालक म्हणाले, आता परत तसं झालं तर यंत्र मोडीत काढीन आणि मला रस्त्यावर. तुम्हालाही." ती थांबली. "धुक्यातली खुबी नका सांगू तुम्ही. मी नुसतं काय होणार ते सांगितलं."

वर जॉन्टी खोकत होता. त्याच्या खोकल्याखाली मी बसून राहिलो. टेकडीवरची ती सगळी माणसं मला दिसत होती, मी दगडावर चढलो तेव्हा माझ्याकडे वर बघणारी. ज्याने शपथ द्यायची तो मी. सेथच्या घराचं दार बंद आहे, आत कुणी नाही. मार्थाचे हात मांडीवर होते, तेलाने काळे, आणि सतरा वर्षांच्या मुलीचे वाटत नव्हते.

माझी फणी खुंटीवर होती. ती काढली आणि चुलीत धरली.

"इकडे ये," म्हटलं. "धुक्यात गालाला विचारायचं नाही. डोळा मिटून घे. पापणी कधी गारठत नाही, ती खोटं बोलत नाही. पण फणी बोटभर लांब धर, टेकली तर डोळा गेला समज."

तिने डोळा मिटला. मी फणी तिच्या पापणीसमोर धरली. तिने माझं मनगट धरलं. मग आम्ही फणी पुन्हा तापवली, पुन्हा धरली, तिला ओळखू येईपर्यंत.

१५ नोव्हेंबर

दाट धुकं. यंत्र दिवसभर चाललं.

सुटलो तेव्हा जॉन्टी फाटकाबाहेर उभा होता. सकाळपासून तिथेच होता, भिंतीला कान लावून, दाढी धुक्याने भिजलेली. मला बघून त्याने विचारलं, "एकदाही थांबलं नाही?"

मी म्हटलं, "नाही."

"उद्या थांबेल," तो म्हणाला. मी त्याचा हात धरून त्याला घरी आणलं.